गोल्डन गेट पार्कात डिस्क गोल्फ: चौघे नवशिके आणि रविवारची गर्दी

फ्रीमाँटकर
येत्या रविवारी चौघे मिळून सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कातल्या १८ होलच्या कोर्सवर जायचं ठरतंय. फ्रिसबी सगळ्यांना येते, पण बास्केटचा खेळ (प्रत्येक होलला डिस्क फेकत फेकत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची) कुणीच खेळलेलं नाही. माणशी किती आणि कुठल्या डिस्क घ्याव्यात? दुकानात भिंतभर प्रकार लावलेले असतात. दुसरं म्हणजे तिथे चालणारी माणसं, कुत्री, बाबागाड्या सतत आडव्या येतात म्हणे, मग फेकायचं कधी? आणि डिस्क झाडात अडकली तर?

साखळीचा_आवाज
माणशी दोन डिस्क पुरेत: एक पुटर (जवळून बास्केटमध्ये टाकायला), एक मिडरेंज (मधल्या अंतराला). ड्रायव्हर (लांब फेकीची) दुकानातच राहू द्या.

डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड (किती वेग लागतो), ग्लाइड (हवेत किती तरंगते), टर्न (वेगात असताना किती उजवीकडे कलते) आणि फेड (शेवटी किती डावीकडे वळते); दिशा उजव्या हाताच्या बॅकहँडच्या, म्हणजे हात अंगासमोरून आडवा नेत केलेल्या फेकीच्या. इनोव्हा कंपनीची पुटर एव्हिअर २/३/०/१, डिस्क्राफ्ट कंपनीची मिडरेंज बझ ५/४/-१/१. या दोन घेतल्या तरी काम भागतं. इनोव्हाचीच ड्रायव्हर डिस्ट्रॉयर १२/५/-१/३ आहे. १२ स्पीड म्हणजे ती तेवढ्या वेगाने सुटली तरच लांब जाते. नवशिक्याच्या हातून ती उजव्या हाताच्या बॅकहँडला लगेच डावीकडे वळते आणि जमिनीवर आपटते. तोच माणूस मिडरेंज जास्त लांब फेकतो, आणि मुख्य म्हणजे सरळ.

फ्रिसबी येते यावर फार विसंबू नका. अल्टिमेटची डिस्क १७५ ग्रॅमची आणि सुमारे २७ सेंमी रुंद. गोल्फची जेमतेम २१ सेंमी, वजन जवळपास तेवढंच, आणि कड बारीक. तीच कड कुणाच्या कपाळावर बसली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

गर्दीचं म्हणाल तर वाट चालणाऱ्यांची, आपण पाहुणे. समोरचा फेअरवे (बास्केटपर्यंतची खेळायची पट्टी) मोकळा आहे एवढं बघून भागत नाही, चुकलेला फटका जिथे जाईल तो भागही मोकळा हवा. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची पकड उशिरा सुटली की डिस्क उजवीकडे जाते, लवकर सुटली की डावीकडे. जोर लावायला गेलं की बहुतेकदा उशीरच होतो, म्हणून उजवीकडच्या पायवाटेवर आधी नजर टाका. कुणी थबकून बघत उभं राहिलं तर हाताने ‘या, जा’ अशी खूण करा आणि ते पुढे गेल्यावर फेका. पुढे वळण असेल, बास्केट दिसत नसेल, तर चौघांपैकी एकाला पुढे पाठवा. त्याने झाडाच्या आडोशाला उभं राहायचं आणि वाट मोकळी झाली की हात वर करायचा.

डिस्क भलतीकडे गेली तर पोटातून ‘फोर!’ (गोल्फमधला ‘सांभाळा’चा इशारा) ओरडा. ‘अरे अरे अरे’ने तिथे कुणी खाली वाकत नाही.

धुकंच_धुकं
वरच्या प्रतिसादाशी सहमत. हवेचं राहिलंय, आणि या कोर्सवर निम्मा खेळ हवेचा आहे.

पार्क पश्चिमेला थेट समुद्राला टेकतो. वारा बहुतेक तिकडूनच येतो, दुपारी वाढतो. समोरून वारा आला की डिस्कला तिच्या खऱ्या वेगापेक्षा जास्त वेग असल्यासारखं होतं. ती जास्त टर्न घेते, म्हणजे बॅकहँडला उजवीकडे कलंडते. नाक (पुढची कड) जरा वर राहिलं तर पतंगासारखी वर चढते आणि मागे फिरते. उपाय: वजनदार डिस्क (१७५ ग्रॅमच्या आसपास), फेक छातीच्या उंचीच्या खाली, पुढची कड किंचित खाली झुकलेली. पाठीमागून वारा असेल तर उलटं: डिस्क लवकर खाली बसते, डावीकडे लवकर वळते. तिथे हलकी, कमी फेडची बरी.

उन्हाळ्यात फ्रीमाँटला गरम असतं म्हणून टी-शर्टवर येऊ नका. इथे जुलैतही १५ अंशांच्या आसपास आणि धुकं. सायप्रस-निलगिरीच्या पानांवर धुकं साठून खाली थेंब पडतात, म्हणून पाऊस नसतानाही झाडाखालची जमीन ओली असते. ओली डिस्क हातातून लवकर निसटते. माणशी एक पंचा ठेवा, प्रत्येक फेकीआधी डिस्क आणि हात दोन्ही पुसा. महागड्या चकचकीत प्लास्टिकपेक्षा स्वस्तातलं बेस प्लास्टिक ओल्यात जास्त धरतं. टी पॅडवर (होलची पहिली फेक करायच्या जागेवर) बूट घसरतो, त्यामुळे धावत येऊन फेकण्यापेक्षा जागेवर उभं राहून फेका.

रंग: गुलाबी किंवा नारिंगी. हिरवी, तपकिरी, गडद लाल घ्याल तर निलगिरीच्या पानांच्या खचात शोधत बसाल. मागे मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा.

फ्रीमाँटकर
पंचाचं डोक्यातच आलं नव्हतं! अजून एक: डिस्क साखळ्यांना लागून परत बाहेर येते म्हणे, ते कशामुळे? आणि पुढची फेक नेमकी कुठून?

साखळीचा_आवाज
डिस्क साखळ्यांच्या कडेला लागली की पुरेशा साखळ्या अडवायला नसतात, आणि जोर जास्त असला तर मधल्या दांड्यावर आपटून उलटते. ५-६ मीटरवरून जोर कमी करा, दांड्याच्या किंचित उजवीकडे (उजव्या हाताचे असाल तर) नेम धरा. भोवऱ्याचंच तत्त्व आहे: फिरकी चांगली असेल तर हळू फेकलेली डिस्कही डुगडुगत नाही. डिस्क ट्रेमध्ये किंवा साखळ्यांत टेकली तरच होल पूर्ण. बास्केटच्या डोक्यावर बसली तर मोजत नाहीत, कितीही हळहळ वाटली तरी.

पुढची फेक: डिस्क पडली तिथे तिच्या पुढच्या कडेला लागून छोटी मार्कर डिस्क ठेवा, मग मूळ डिस्क उचला. फेकताना मार्करच्या मागच्या २० सेंमी रुंद, ३० सेंमी लांब पट्ट्यात एक पाय टेकलेला हवा आणि मार्करच्या पुढे काहीही टेकलेलं नको. बास्केटपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर आधी तोल सावरायचा, मगच पुढे पाऊल. धुक्यात घसरत पुढे गेलात तर तो फाउल.

झाडात अडकली तर तिच्या बरोबर खालच्या जमिनीवर मार्कर ठेवून तिथून खेळा. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमांत आधी जाहीर केलं नसेल तर उंचीचा दंड नाही. हरवली तर शोधायला ३ मिनिटं, नाही सापडली तर एक दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फेक.

गुलाबी_पुटर
अडकलेली काढायला दुसरी डिस्क मारू नका, दोन्ही वर राहतात. दगड तर अजिबात नको, खाली वाट आहे. फांदी ओढून तोडणंही नको. सरकवून लांब करता येणारी काठी (रिट्रीव्हर) असेल तर उत्तम, नसेल तर मागच्या गटाला विचारा. बऱ्याच जुन्या खेळाडूंच्या बॅगेत ती असते.

चौघे नवशिके म्हणजे १८ होलला सव्वादोन-अडीच तास धरा. मागे दोघेजण खोळंबून उभे दिसले की बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या. पैसे लागत नाहीत. सकाळी ९ च्या आत आलात तर वाटा बऱ्याच मोकळ्या असतात. बसने येणार असाल तर मुनीची (शहराची बससेवा) ५ नंबर फुल्टन धरा आणि तिशीतल्या ॲव्हेन्यूंच्या (आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांपैकी ३० च्या पुढच्या) अलीकडे उतरा.