मदत हवी आहे: ८ कोंबड्यांसाठी आधी खुराडं वाढवू की जाळीचं आवार?

खुराडं ४ बाय ५ फूट, म्हणजे कोंबडीमागे जेमतेम अडीच चौरस फूट. हवेत निदान ४. आवार ५० चौरस फूट आहे, कोंबडीमागे १० धरले तर ८० लागतील. दाटीमुळे टोचाटोची वाढली आहे: दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पिसं उपटून गुलाबी कातडी उघडी पडली आहे, फार वाईट वाटतं. सकाळी दार उघडताच ओल्या भुशाचा अमोनिया नाकात जातो. झरोके छताजवळ आहेत, पुरतील का?

बसायची दांडी ४ फूट, म्हणजे प्रत्येकीला ६ इंच; ८ ते १० हवेत. दुसरी दांडी त्याच उंचीवर लावावी ना? वरखाली लावल्यास वरच्या जागेसाठी भांडतात.

सध्या एकच काम जमेल. कोणतं आधी करू?