रोजात पाणीसुद्धा नाही?

चाकणवाला: शिफ्टमधला एक ऑपरेटर रमजानमध्ये थेंबभर पाणी पीत नाही. त्रास झाला तर? आणि त्याच्यासमोर डबा खावा का?

खेडची सून: डबा खुशाल खा, दादा. पहाटे फज्रच्या नमाजाआधी सहरी, म्हणजे खाणं, मग सूर्य मावळेपर्यंत काहीच नाही, गोळीसुद्धा नाही. आजारी, प्रवासी, गरोदर बाईला सूट. राहिलेले रोजे नंतर धरायचे. पाळीत तर धरायचाच नाही. मी ते थंडीत फेडते, दिवस लहान असतो ना! भुकेचं काही वाटत नाही, जीव जातो तो चहासाठी. मोरीत घोटभर पाणी प्यायलं तर कोण बघणार? पण रोजा अल्लासाठी, म्हणूनच नाही पीत. कुराण याच महिन्यात उतरलं. आणि चहाड्या केल्यात तर ती नुसती उपासमार.

चाकणवाला: म्हणजे एकादशीसारखं?

खेडची सून: साबुदाणा नाही हो! इफ्तारला भज्यांवर तुटून पडतो म्हणा, ‘दुप्पट खाशी’ आमच्यातही आहे.

मिरजकर: चांद्र वर्ष 10-11 दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यातही येतो. मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या वेळी, त्या ऑपरेटरला दहा मिनिटं सोडा, खजूर-पाण्यापुरती.