अनुभव धागा: घरातलं अमेरिकन फुटबॉल, म्हणजे व्हिडिओ गेम (मॅडन, टेक्मो, ब्लिट्झ, काहीही चालेल)

ओसरीवरचा
शनिवारी शेजारच्या गल्लीत गराज सेल होता. एका खोक्यात 'मॅडन २००४' दिसला, कव्हरवर मायकल व्हिक. एक डॉलर. घेतला नाही, कारण चालवायला पीएस-टू कुठाय? पण तिथे उभा राहून एकटाच इतका हसत होतो की बायकोला वाटलं कोणी ओळखीचं भेटलं.

एमएस करतानाचं अपार्टमेंट आठवलं. आम्ही चौघं, कोणीतरी रस्त्यावर टाकून दिलेला कोच आणि आधीच्या बॅचकडून आलेला पीएस-टू. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. टीव्हीवर सामना लागला की चार सेकंद धडपड, मग सगळे उभे, मग जाहिरात. कंट्रोलर हातात आल्यावर उलगडत गेलं. दहा यार्ड जायला चार संधी (एकेक संधी म्हणजे डाऊन), दहा झाले की पुन्हा चार. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं मागून येतं.

आमच्यातल्या एकाला चौथ्या डाऊनला पंट करणं, म्हणजे लांब किक मारून बॉल समोरच्याला देणं, अपमान वाटायचा. "बॉल आपल्या हाताने का द्यायचा?" स्वतःच्याच वीस यार्डांवर, फोर्थ अँड एट (चौथी संधी, आठ यार्ड बाकी), आणि हा पठ्ठ्या लांब पास टाकणार. पुढच्या मिनिटाला समोरच्याचा टचडाऊन. डिग्री मिळेपर्यंत सुधारला नाही. आता एका बँकेत रिस्क मॅनेजमेंटला आहे.

आणि व्हिक! क्वार्टरबॅक (पास टाकणारा) असून गेममध्ये वेग ९५. पास टाकायची भानगडच नाही, कडेने पळत सुटायचं, अडवणारे लाइनबॅकर मागे हात पसरून आडवे. शेवटी फतवा निघाला की व्हिकची टीम, फाल्कन्स, कोणीही घ्यायची नाही.

तुमच्याकडे कोण खेळायचं? कोण खेळतं? येऊ द्या.

मनीमाऊ_एनजे
व्हिक!!! तो गेम बाजारात आला आणि काही दिवसांतच प्रीसीझनच्या (हंगामाआधीच्या) सामन्यात खऱ्या व्हिकचा पाय मोडला. तेव्हापासून माझा दीर 'मॅडनचा शाप' मानतो. कव्हरवर जो येईल तो त्याच्या फँटसी टीममध्ये नसतो. पीएचडी आहे, सांगून उपयोग नाही.

चकली
आमच्याकडे रोजचं वाक्य. "आई, दोन मिनिटं राहिलीत." मी पोळ्या वाढून बसते. पोळ्या गार. आमटी गार. मी गरम. जाऊन बघते तर गेमच्या घड्याळात अजून १:४१ बाकी! मला वाटायचं पोरगं थापा मारतंय.

गुगली
चकली, थापा नाहीत हो. शेवटच्या दोन मिनिटांत सगळा खेळ घड्याळ थांबवायचाच असतो. पास पडला की घड्याळ बंद, बॉल घेऊन रेषेबाहेर गेला की बंद, वर अर्ध्या डावाला तीन टाइमआउट. पिछाडीवर असलेला मुद्दाम कडेकडेने पळतो. एक युक्ती सांगतो, "दोन मिनिटं" म्हणाला की विचारायचं, टाइमआउट किती उरलेत? तीन म्हणाला तर तवा बंद करा.

चकली
😂😂 आज विचारलं. चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता नवऱ्याला वाटतंय मी चोरून खेळते.

नवा_गडी
अडाणी प्रश्न. मॅडन मॅडन चाललंय, हा माणूस आहे की कंपनी?

जुना_खेळिया
माणूस. जॉन मॅडन, ओकलंड रेडर्सचा कोच. जानेवारी १९७७ मध्ये सुपर बोल, म्हणजे हंगामाची फायनल, जिंकला, पुढे टीव्हीवर कॉमेंट्री. विमानात बसायचा नाही, देशभर बसने हिंडायचा. गेमवाले त्याच्याकडे गेले तेव्हा त्या काळच्या कॉम्प्युटरला इतके खेळाडू झेपेनात, म्हणून कमी माणसांचा खेळ करू म्हणाले. हा अडून बसला की अकरा विरुद्ध अकरा नसेल तर ते फुटबॉल नाही, माझं नाव लावू नका. म्हणून उशीर झाला आणि पहिला गेम १९८८ मध्ये अ‍ॅपल-टूवर आला. डिसेंबर २०२१ मध्ये गेला बिचारा.

आम्ही मात्र टेक्मो बोलवाले. निन्टेन्डो, १९८९. नऊ विरुद्ध नऊ आणि प्रत्येक टीमला मोजून चार प्ले (ठरलेल्या चाली). समोरच्याने नेमका तुमचा प्ले ओळखला की अख्खा डिफेन्स अंगावर. कागदावर दोघांची टीम सारखी, पण ज्याच्याकडे रेडर्सचा बो जॅक्सन तो राजा. नागमोडी पळायचं, कोणी धरूच शकायचं नाही. धाकटा भाऊ रडून उठायचा. मग आई मध्ये पडायची आणि बो जॅक्सन धाकट्याला द्यायला लावायची. वडील काही बोलायचे नाहीत, पण पेपर खाली घेऊन बघत असायचे.

उशीखालचा_अंगठा
ओळखण्यावरून आठवलं. एकाच टीव्हीवर दोघं खेळायचो, त्यामुळे प्ले निवडताना स्क्रीन दोघांनाही दिसायची. समोर तीन प्ले, प्रत्येकाखाली एक बटण. कुठलं दाबलं ते फक्त हाताला माहीत. ताई टीव्हीकडे बघायचीच नाही, माझ्या अंगठ्याकडे बघायची! म्हणून मी कंट्रोलर उशीखाली धरायचो. मग ती बटणाच्या आवाजावरून ओळखायला लागली. माझं वरचं बटण जरा चिकट होतं, त्याचा आवाज वेगळा यायचा. जिंकत कायम तीच.

स्वयंपाकघरातून
सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. बाहेर बर्फ, जाणार कुठे. नातवाने कंट्रोलर हातात दिला. अप्पांना बाकी काही पटलं नाही, फील्ड गोल तेवढा आवडला. वाऱ्याचा बाण बघायचा, पट्टी भरत आली की नेमकं बटण दाबायचं, तीन गुण. झालं! फर्स्ट डाऊनला, गोलपोस्ट टप्प्यात दिसला की हे किक मारायला तयार. मुलगा कळवळायचा, "आजोबा, अजून तीन संधी आहेत, टचडाऊनचे सहा मिळतील!" अप्पा म्हणायचे, "पदरात पडलं ते पवित्र झालं." आणि ९-७ असे सामने जिंकायचे. मुलगा अजून त्या ९-७ वर चिडतो.

ओसरीवरचा
अप्पांना आमच्या रिस्क मॅनेजरला भेटवायला हवं.

दुपारची_झोप
गराज सेल कुठे होता? मला पाळणा हवाय, बहिणीची ड्यू डेट जवळ आलीये.

मनीमाऊ_एनजे
पाळणा जुना घेणार असाल तर एका बाजूची कड खाली सरकते तो घेऊ नका. बाळं अडकायची म्हणून २०११ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे, पण गराज सेलमध्ये अजून दिसतात.

दुपारची_झोप
बरं झालं सांगितलंत. सॉरी, चालू द्या फुटबॉल.

तीस_यार्ड
ब्लिट्झची आठवण कोणीच काढली नाही?? सात विरुद्ध सात, पेनल्टी नाही, फर्स्ट डाऊनला दहाऐवजी तीस यार्ड. आणि प्ले संपल्यावरही पडलेल्याच्या अंगावर उडी मारता यायची. आमच्या बेसमेंटमधली सगळी भांडणं तिथूनच. खरा सामना बघायला गेलो तेव्हा फार मिळमिळीत वाटला.

डोळस_भक्त
मी टू-के-फाइव्हवाला, मॅडनचा तेव्हाचा प्रतिस्पर्धी गेम. २००४ साली नवाकोरा २० डॉलरला दिला, मॅडनवाल्यांना किंमत उतरवून ३० वर यावं लागलं. त्याच डिसेंबरमध्ये ईएने (मॅडनवाली कंपनी) एनएफएल या लीगशी एकट्यापुरता करार केला आणि खऱ्या टीम घेऊन दुसरं कोणी गेम काढूच शकेना. संपला विषय. स्पर्धा नसली की काय होतं ते दर ऑगस्टला नवा मॅडन आला की बघतोच आपण. मी आजही तोच टू-के-फाइव्ह लावतो.

गुगली
दर ऑगस्टला शिव्या देऊन दर ऑगस्टला विकत घेणारे आम्हीच. मधे तर माझ्याकडे 'मॅडन २५' दोन झाले. एक २०१३ चा, पंचविशी म्हणून, आणि दुसरा २०२४ चा. बायको म्हणाली, हा आहे की आपल्याकडे.

बफेलोची_सून
आमच्या ह्यांचं वेगळंच. बिल्स म्हणजे आमच्या बफेलोची, १९९१ ते १९९४ ओळीने चार सुपर बोल हरलेली टीम. हे फ्रँचाइझ मोडमध्ये (टीमचा सगळा कारभार आपणच चालवायचा) बसून इतिहास दुरुस्त करत असतात. ड्राफ्ट, ट्रेड, पगाराची मर्यादा, सगळं वहीत. घरच्या खर्चाची वही कोरी. बाहेर फावड्याने ड्राइव्हवे साफ करून येतात, बूट काढतात आणि गेममध्ये मुद्दाम हवामान 'बर्फ' लावतात! आमच्या हॉलमध्ये बिल्स दरवर्षी चॅम्पियन. गेल्या हिवाळ्यात मला उठवून ट्रॉफी दाखवली, मी अभिनंदन करून पुन्हा झोपले.

मनीमाऊ_एनजे
आणि खरे बिल्स?

बफेलोची_सून
जेवताना तो विषय आम्ही काढत नाही.

पाव_किलो
आमच्याकडे सुपर बोलच्या आदल्या रात्री मॅडनमध्ये कॉम्प्युटर विरुद्ध कॉम्प्युटर सामना लावायचा आणि निकाल फ्रिजवर चिकटवायचा. ही कल्पना कंपनीचीच, तेही दरवर्षी असं भाकीत करतात. २०१५ ला त्यांनी पेट्रियट्स २८, सीहॉक्स २४ सांगितलं आणि अगदी तेच झालं. आमच्या फ्रिजवरचं कधीच खरं ठरलेलं नाही, पण मुलं ऐकत नाहीत.

उशीखालचा_अंगठा
कॉलेजवाला गेम खेळतं का कोणी? २०१३ नंतर बंदच पडला होता. खेळाडूंच्या चेहऱ्यामोहऱ्याचे पैसे कोणाचे, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२४ च्या जुलैत परत आला, यावेळी खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. भाच्याच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधला पोरगा त्यात आहे. भाचा त्याला गेममध्ये बेंचवर बसवतो, कारण लॅब रिपोर्ट हा एकटाच लिहितो.

नवा_गडी
😄 काल पहिल्यांदा खेळलो. मला माझ्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) पाडलं आणि दोन गुण समोरच्याला. हे काय?

जुना_खेळिया
सेफ्टी. दोन गुण त्यांना, आणि वर बॉलही त्यांनाच. किक तुम्ही मारून द्यायची.

नवा_गडी
म्हणजे मार पण मीच खायचा आणि बॉल पण मीच द्यायचा?

जुना_खेळिया
हो. क्वार्टरबॅकला घेऊन मागे मागे पळू नका. कोणी मोकळा नसेल तर बॉल बाहेर भिरकवा, फक्त दोन्ही टॅकलच्या (तुमच्या रांगेतल्या कडेच्या दोन खेळाडूंच्या) बाहेर आल्यावर आणि जिथून प्ले सुरू झाला त्या रेषेपर्यंत पोचेल असा. नाहीतर त्याचीही पेनल्टी. आणि ती एंड झोनमध्ये झाली तर पुन्हा सेफ्टीच.

नवा_गडी
मी पंटच करत जातो.