वासोटा: एक दिवसाची अट असावी की नसावी?

रानपिंगळा (धागालेखक)

वासोटा किल्ल्यावर रात्रीच्या मुक्कामाला परवानगी द्यावी, निदान त्याच रानातल्या नागेश्वर या महादेवाच्या गुहेपुरती तरी द्यावी, अशी मागणी हिवाळा आला की हमखास कानावर येते. सकाळी जलाशयाकाठच्या बामणोली गावाहून बोटीने जायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे, ही आजची पद्धत त्या जंगलाला साजेशी आहे आणि ती सैल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा किल्ला १९८५ साली घोषित झालेल्या कोयना अभयारण्यात आहे. २०१० मध्ये हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा ठरली, त्यांत या दोघांचाही समावेश झाला. त्यामुळे इथे येणाऱ्याने आपण गडावर जातो आहोत यापेक्षा आपण रानात शिरतो आहोत हे आधी ध्यानात ठेवायला हवे.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तासात बोट मेट इंदवलीच्या काठाला लागते. तिथल्या नाक्यावर पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेष्टने मोजली जातात, आणि थोड्याच अंतरावर ओढ्याकाठी मारुती-गणपतीच्या मूर्ती लागतात. पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायच्या त्या इथेच. पुढे दीड-दोन तासांची चढण, तीही बरीचशी अशा झाडीतून की भर दुपारी ऊन अंगावर येत नाही. वर बिनछपराचा मारुती, महादेवाचे मंदिर, चुन्याचा घाणा आणि बाबूकड्याचा तो नालेच्या आकाराचा अजस्र बाक, हे सगळे निवांत पाहूनही माणूस संध्याकाळी काठावर पोचतो. मग रात्र कशासाठी हवी? ज्या ओढ्यावर आपण दिवसा पाणी भरतो, त्याच ओढ्यावर रात्री गवे आणि अस्वले येतात. दिवस आपला, रात्र त्यांची, ही वाटणी मला न्याय्य वाटते.

दुर्गवेडा

आपला मुद्दा पोटतिडकीचा आहे, परंतु एकांगी आहे. वासोटा अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून किल्ला आहे. ताई तेलीण या लढवय्या बाईने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेला जिथे झुंजवले तो गड आता घड्याळाकडे पाहत, धापा टाकत उरकावा लागतो. पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले लोक सकाळी बोटीच्या रांगेत उभे राहतात, सर्वांच्या बोटी साधारण एकाच वेळी सुटतात, त्यामुळे सारी गर्दी एकाच अरुंद वाटेवर एकाच वेळी चढते आणि एकाच वेळी उतरते. शांतता राखण्याच्या हेतूने केलेल्या नियमानेच शांततेचा बोजवारा उडतो, हे आपण लक्षात घेतलेले दिसत नाही.

शिवाय वासोटा आणि नागेश्वर ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात करणे सराईत माणसालाच जमते, त्यामुळे बहुतेकांचे नागेश्वर राहूनच जाते. कोकणातल्या चोरवण्याकडून महाशिवरात्रीला भाविक नागेश्वराला चढतात, ते जंगलाला चालते. मग पंधरा-वीस माणसांचा गट वनरक्षकासह गुहेत एक रात्र राहिला तर नेमके काय बिघडते?

रानपिंगळा

यात्रा वर्षातून एकदा होते, मुक्काम मात्र शनिवार-रविवार मिळून सबंध हंगामभर होईल. पंधरा-वीसचा आकडा कागदावर राहतो आणि चूल मात्र प्रत्येक गटाची वेगळी पेटते, हा आपल्याकडच्या इतर किल्ल्यांवरचा अनुभव आपल्याला माझ्याइतकाच ठाऊक आहे. अलीकडच्या काळात या प्रकल्पातल्या कॅमेऱ्यांत वाघ टिपले गेले आहेत. ते येऊ लागले असताना आपण तंबू घेऊन जावे, हे मला पटत नाही.

भटक्या_ठाणे

बाटल्या मोजून अनामत घेण्याची पद्धत तेवढी बाकीच्या गडांवरही आणा. मुक्कामाचा वाद नंतर घाला.

कोयनाकाठ

दोन्ही दादांचे लिहिणे वाचले. तुम्ही दोघेही जंगल आणि किल्ला यांविषयी बोलत आहात, पाण्याविषयी कोणीच बोलत नाही. ज्या शिवसागरातून तुमची बोट जाते, त्याखाली आमच्या आजोबांची शेती आहे. धरणाने जमीन गेली, अभयारण्याने रानातला वावर गेला, आणि आता काठावरच्या घरांना बोटीचा आणि जेवणाचा धंदा तेवढा उरला आहे. बोटी नंबराने सुटतात, म्हणून लहान माणसालाही त्याची पाळी मिळते.

गुहेत मुक्काम सुरू झाला तर तंबू, शिधा, स्वयंपाकी असे सगळे शहरातल्या सहल कंपन्याच घेऊन येतील आणि आमच्याकडे फक्त उतारू राहतील. आज एक दिवसाची अट आहे म्हणून लोक आदल्या रात्री बामणोलीत राहतात, चुलीवरची भाकरी खातात आणि दोन पैसे आमच्या हातात पडतात. त्यामुळे मुक्कामाला माझा विरोधच आहे, मात्र तो वाघासाठी नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

पण अट जशी राबवली जाते तीही मला मान्य नाही. परवानगीचे कागद सकाळी कार्यालय उघडल्यावर होतात, त्यात दोन तास जातात आणि मग सगळ्या बोटी एकदमच पाण्यात पडतात. हीच परवानगी आदल्या संध्याकाळी दिली, तर पहिली बोट सातला सुटेल, पुढच्या अर्ध्या-अर्ध्या तासाने सुटतील, वाटेवरची गर्दी आपोआप विरळ होईल आणि दुर्गवेडा यांचे नागेश्वरही त्याच दिवसात बसेल.

रानपिंगळा

ताई, आपला धंद्याचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता आणि तो माझ्या बाजूला बळकटीच देतो. परंतु सातच्या बोटीला माझी हरकत आहे. पहाटेच गवे काठावर पाण्याला उतरतात, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले की ते काठाच्या मोकळ्या गाळावरच असतात. नेमक्या त्याच वेळी बोटींची इंजिने धडधडू लागली, तर रात्र वाचवून पहाट घालवल्यासारखे होईल.

कोयनाकाठ

पलीकडच्या काठावरच्या गावांना दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी पहाटेही बोटच लागते, आणि ते इंजिन गव्यांच्या ओळखीचे आहे. त्यांना उधळून लावतात ती बोटीत लावलेली गाणी आणि काठ दिसताच मारलेल्या आरोळ्या. त्यावर दंड बसवा, आम्ही स्वतः वसूल करून देऊ.

दुर्गवेडा

सातच्या बोटीला माझा पाठिंबा आहे, आणि ती सुरू झाली तर गर्दीविषयीची माझी तक्रार बरीच कमी होईल. तरीही गुहेची मागणी मी सोडलेली नाही. वनरक्षक सोबत, चूल बंद, शिधा बामणोलीतूनच घ्यायचा आणि महिन्यातून एकच रात्र, एवढ्या अटींवर रानपिंगळा यांचे काय म्हणणे आहे ते त्यांनी सांगावे.