भंगार प्लास्टिक धुणाऱ्या शेडची तक्रार कशी करायची?

ओढ्याकाठचा:
गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये भंगार प्लास्टिक धुवून चुरा करतात, कॉस्टिक टाकून धुतात आणि ते पाणी सरळ ओढ्यात, वर पांढरा फेस आणि रंगीबेरंगी चुऱ्याचा थर. उरलंसुरलं रात्री जाळतात. ग्रामपंचायत म्हणते एमपीसीबीकडे (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) जा, तिथे फोन केला तर लेखी द्या म्हणाले. मी बाटलीत पाणी भरून ठेवलंय, खासगी लॅबचा रिपोर्ट चालेल का?

कलमबहाद्दर:
तक्रारीला जोडा, पण कोर्टात तो टिकणार नाही. 1974 च्या पाणी कायद्याच्या कलम 21 प्रमाणे सॅम्पल अधिकाऱ्यानेच घ्यायचं, मालकाला जागेवर नोटीस द्यायची, त्याच्यासमोर दोन भाग करून सील, सह्या. त्यापेक्षा आधी शेडकडे कन्सेंट (बोर्डाची परवानगी) आहे का ते माहिती अधिकारात विचारा. नसेल तर सॅम्पलची वाट बघत बसायची गरजच नाही, त्याच कायद्याच्या 33अ खाली बोर्ड युनिट बंद करायला लावू शकतं, वीजसुद्धा तोडायला सांगू शकतं. जाळण्याची तक्रार वेगळी लिहा, एकात सगळं कोंबू नका.

दाणावाला:
माझं भंगार प्लास्टिकपासून दाणा बनवायचं युनिट आहे, कन्सेंट आहे, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) आहे, म्हणून सांगतो सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजू नका राव. 2021 मध्ये भंगार प्लास्टिकवरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला, शेडवाला बिलाशिवाय घेतो त्यामुळे त्याला किलोमागे जास्त भाव द्यायला परवडतं, माल तिकडेच जातो, आणि तपासणीला साहेब येतात ते माझ्याकडे कारण रिसायकलरच्या सरकारी पोर्टलवर नाव माझं!

चौकस:
पोर्टलचं तर बोलूच नका. 2022 पासून ईपीआरची (आपल्या प्लास्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी कंपनीचीच) सर्टिफिकेटं आली, कंपन्यांनी ती रिसायकलरकडून घ्यायची, आणि 2023 मध्ये सीपीसीबीच्याच (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) तपासणीत लाखो सर्टिफिकेटं बोगस निघाली. धुतलं कुणी नाही, वितळवलं कुणी नाही, कागदावर मात्र रिसायकल झालं.

ओढ्याकाठचा:
@दाणावाला तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. पण शेड बंद झालं तर उद्या पलीकडच्या गावात उभं राहील, ही पण भीती आहेच. माहिती अधिकाराचा अर्ज मुंबईला करू की इथे?

कलमबहाद्दर:
बोर्डाच्या तुमच्या भागाच्या उपप्रादेशिक कार्यालयालाच. गट नंबर टाका, आणि फोटोवर तारीख, लोकेशन उमटेल असं ॲप वापरा, नाहीतर फोटो दुसरीकडचा आहे म्हणून हात झटकतात.