तीन वर्षांचा विद्यार्थी, वीस वर्षांची फाइल : मोहिमांचे अनुभव सांगा

शाळेत किंवा कॉलेजात काहीतरी बदलावं म्हणून कधी निवेदन दिलंय? सह्या गोळा केल्यात? ठिय्या दिलाय? मग इथे लिहा. संस्थेचं नाव नको, माणसांची नावं नकोत. जिंकलेल्याच गोष्टी हव्यात असंही नाही, माझी स्वतःची जेमतेम अर्धी जिंकलेली आहे. एकच विनंती, 'आम्ही आवाज उठवला' एवढ्यावर सोडू नका. नेमकं काय मागितलं, कोणाकडे मागितलं, किती दिवस लागले आणि पुढे त्याचं काय झालं, तेही येऊ द्या.

सुरुवात माझ्यापासून. आमचं ग्रंथालय रात्री आठला बंद व्हायचं. परीक्षेच्या महिन्यात तरी अकरापर्यंत उघडं ठेवा, एवढीच मागणी होती. मी दुसऱ्या वर्षाला, वर्गप्रतिनिधी, अंगात भलताच उत्साह. चारशेवर सह्या जमवल्या. प्राचार्यांनी गठ्ठा हातात घेतला, वजन करावं तसा जरा वरखाली केला, 'छान' म्हणाले आणि टेबलाचा खण उघडून आत ठेवला. तो खण बंद झाल्याचा आवाज अजून कानात आहे. तीन महिने काही हललं नाही. विचारायला गेलं की 'बघू'.

मग ऑफिसमधल्या एका बाईंनी हळूच सांगितलं, "अगं, सरांचा विरोध नाहीये. आठनंतर दाराशी बसायला माणूस कुठून आणायचा, हा घोळ आहे. ते कुलसचिवांकडे." म्हणजे तीन महिने आम्ही भलत्याच दारावर धडका देत होतो! सह्यांचा नाद सोडला आणि डोकी मोजायला लागलो. दोन आठवडे, रोज संध्याकाळी सहापासून दर अर्ध्या तासाला. दिवे मालवायची वेळ व्हायची तेव्हा साठेक जण बसलेले असायचे, सातला असायचे त्यापेक्षा जास्त. तो एक कागद कुलसचिवांना पुरला. त्यांनी रखवालदाराची पाळी दोन तास पुढे सरकवली. अकरा नाही, पण दहा तरी मिळाले.

पुढच्या वर्षी आम्ही बाहेर पडलो आणि वेळ गुपचूप परत आठवर आली. कोणी काही रद्द केलं नव्हतं. पाळ्यांचं नवं वेळापत्रक निघालं, त्यात ते राहून गेलं. विचारणारं कोणी उरलंच नव्हतं. धाग्याचं नाव त्यावरून.

चाकाची खुर्ची

आमच्या मुख्य इमारतीला तीनच पायऱ्या. चार मित्र मला खुर्चीसकट उचलून न्यायचे. प्रेमाने न्यायचे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुपारी पाणी प्यायचं की नाही, हे मी त्या चौघांचे तास बघून ठरवायचो.

पहिल्या वर्षी उतारासाठी अर्ज दिला. मोठ्या सुट्टीत उतार बांधून झाला, फीत कापली, फोटो निघाले. मी चाकं वर घातली आणि अर्ध्यात खुर्ची मागे कलंडायला लागली. कोणीतरी पाठ धरली म्हणून वाचलो. संध्याकाळी टेप लावून मोजलं. तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटीमीटर, उताराची लांबी दीड मीटर. उतार लागतो एकास बारा, म्हणजे सेंटीमीटरभर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. आमच्या पायऱ्यांना ५ मीटर ४० सेंटीमीटर हवे होते. "तेवढी जागाच नाही," असं उत्तर आलं. जागा होती. तिथे गाड्या लागायच्या.

दुसरा अर्ज, तिसरा अर्ज. शेवटी बांधकाम समितीतल्या एका सरांना म्हटलं, माझी जुनी खुर्ची आहे, तुम्ही एकदा बसून बघता का? बसले बिचारे. मध्यावर गेल्यावर त्यांचा हात आपोआप कठडा शोधायला लागला. कठडा नव्हताच. खाली उतरून काही बोलले नाहीत, पॅन्ट झटकली आणि गेले. त्यानंतरही आठ महिने लागले, पण यावेळी उतार मधे वळण घेऊन, कठड्यासकट, मापात झाला. माझ्या वाट्याला तो बेचाळीस दिवस आला.

एक गोष्ट तेव्हा माहीत असती तर बरं झालं असतं. एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. पोलिओमुळे मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी, झोपायला लोखंडी फुप्फुस, म्हणजे श्वास चालू ठेवणारं पिंपासारखं यंत्र लागायचं. वसतिगृहात ते धूड ठेवायची सोय नाही म्हणून त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयात खोली दिली. ही झाली एकट्याला दिलेली सवलत. मग त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले, त्यांनी स्वतःचं नाव 'रोलिंग क्वाड्स' ठेवलं, आणि १९७० मध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी कायमचा कार्यक्रम सुरू झाला, विद्यार्थ्यांनीच चालवलेला. मी तिन्ही अर्ज एकट्याच्या सहीने दिले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, कुबड्यांवर चालणारे दोघे माझ्याच वर्गात होते. त्यांना विचारावं हे सुचलंच नाही.

टेबलापलीकडची

मी शिकवते, आणि बरीच वर्षं वेगवेगळ्या समित्यांवर होते. आमच्या बाजूला काय चालतं ते सांगते. निवेदन आलं की आम्ही समिती नेमतो. पहिली बैठक परीक्षेच्या आधी, दुसरी थेट सुट्टीनंतर. कोणी बसून कट करत नाही, पण असंच होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकदा एका सदस्यांनी सरळ विचारलं, "ही बॅच दोन महिन्यांत जातेय ना?" आणि विषय पुढच्या सत्रावर गेला. मी तिथेच बसले होते, मी हात वर केला नाही. खरं तर हे लिहायलाच आले आज.

बाकी, निवेदनाची पोच घेत चला, बाळांनो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. त्याशिवाय तो कागद आमच्या दृष्टीने आलेलाच नसतो. आणि अकरा मागण्या घेऊन येऊ नका. अकरातल्या सगळ्यात फुटकळ दोन आम्ही हसत मान्य करतो, चहा पाजतो, आणि नऊ गेल्या.

नववी ब

काका-काकूंमध्ये मी लिहिलं तर चालेल ना? आमच्या मुलींच्या बाथरूमला सहा दारं आणि कड्या दोनच. आत एक मुलगी गेली की बाहेर दुसरीने दार धरायचं. मधली सुट्टी त्यातच संपते. आम्ही चार महिन्यांत तीन अर्ज दिले. मग शिपाईमामांना नुसतं सांगितलं, तर ते शनिवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले आणि अर्ध्या तासात चारही कड्या बसवल्या. जुन्या कपाटांच्या होत्या. आमचा अर्ज अजून 'विचाराधीन' आहे.

फी

सगळंच काही वर्षानुवर्षं चालत नाही. आमची फीवाढ अकरा दिवसांत मागे घेतली गेली. कारण साधं होतं, आम्ही सगळ्यांनी परीक्षेचे फॉर्म भरणं थांबवलं आणि त्यांची मुदत संपत आली होती. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही पुष्कळ घोषणा दिल्या होत्या, कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. बाहेरही हेच दिसतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन विद्यापीठात सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश वसाहतवाद्याचा पुतळा १९३४ पासून उभा होता. ९ मार्च २०१५ ला आंदोलनाला तोंड फुटलं आणि ९ एप्रिलला पुतळा क्रेनने उचलला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशभर फीविरोधी आंदोलन पेटलं, आणि ऐन वार्षिक परीक्षांच्या तोंडावर राष्ट्राध्यक्षांना पुढच्या वर्षी शून्य वाढ जाहीर करावी लागली.

आमच्याकडे पुढच्या सत्रात पावतीवर 'विकास निधी' नावाची नवी ओळ आली. रक्कम जवळजवळ तीच.

सातची घंटा

पालक म्हणून लिहितोय. मुलाची शाळा सकाळी सातला, त्याला सहाला गदागदा हलवून उठवावं लागायचं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की वयात आलेल्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. त्या वयात झोप यायची वेळच पुढे सरकते, तो आळस नाही. कॅलिफोर्नियात त्यासाठी २०१९ मध्ये कायदा झाला, २०२२ पासून लागू आहे. हे सगळं छापून पालकसभेला घेऊन गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी वाचलं, मान डोलावली. तुटून पडले ते पालकच. "आम्ही कामावर कधी जायचं?" "बस आधी मोठ्यांना सोडते, मग धाकट्यांना, दोन बसगाड्या कोण देणार?" प्रश्न खोटे नव्हते. माझ्याकडे झोपेबद्दल सतरा पानं होती आणि बसबद्दल अर्धी ओळ नव्हती.

शाळा अजून सातलाच भरते. पहिल्या तासाला चाचणी घेणं तेवढं बंद झालं. ते मुलांनीच मागितलं होतं, मी नाही.

इतिहासाचा मास्तर

धाग्याच्या नावावरून बार्बरा जॉन्स आठवली. १९५१, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं फार्मव्हिल. कृष्णवर्णीय मुलांसाठीची मोटन हायस्कूल बांधली होती १८० मुलांना, शिकत होती साडेचारशेच्या वर. जास्तीच्या मुलांसाठी डांबरी कागद ठोकलेल्या शेड, पाऊस आला की गळणाऱ्या. मोठी माणसं नव्या इमारतीसाठी वर्षानुवर्षं अर्ज करतच होती. सोळा वर्षांच्या बार्बराने २३ एप्रिलला काय केलं, तर मुख्याध्यापकांना कोणाकडून तरी फोन करवला की आपली मुलं बसथांब्यावर अडचणीत आहेत. ते धावले. इकडे सगळ्या वर्गांना सभागृहात बोलावलं, पडदा बाजूला झाला तर मंचावर ही उभी. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप जाहीर केला. दोन आठवडे चालला.

पुढचा भाग वर्गात सांगताना मी नेहमी अडखळतो. वकील आले, म्हणाले, नवी इमारत मागणार असाल तर आम्ही नाही, वेगळ्या शाळाच नकोत असं म्हणणार असाल तर लढतो. मुलं तयार झाली. १९५४ च्या ब्राउन निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तो दावा त्यातल्या पाच दाव्यांपैकी एक. जिंकले. आणि काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, काय केलं? गोरी-काळी मुलं एकत्र बसवायला नकोत म्हणून १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलपं घातली, ती १९६४ पर्यंत. संपाच्या वर्षी जे मूल जेमतेम तीन वर्षांचं होतं, त्याची पाच वर्षं गेली. बार्बराला तर घरच्यांनी जिवाच्या भीतीने आधीच दूर काकांकडे पाठवलं होतं.

संप करायला हवा होता का, असं मुलं विचारतात. मी हो म्हणतो. पण मागच्या बाकावरून एकदा एकीने विचारलं, "सर, त्या पाच वर्षांत घरी बसलेल्यांना कोणी विचारलं होतं का?" तास संपला होता, म्हणून सुटलो.

साडेआठचं दार

आमच्या मुलींच्या वसतिगृहाचं दार रात्री साडेआठला बंद, मुलांचं बंदच होत नसे. दोन वर्षं भांडून दहा करून घेतलं. ती लढाई सगळ्यांची सारखीच असते, ती सांगत नाही. वहीबद्दल सांगते.

वर ग्रंथालयाचं झालं तसंच आमच्याआधीच्या मुलींचं झालं होतं. त्यांनीही कधीतरी साडेनऊ मिळवले होते म्हणे, आम्हाला पत्ताच नव्हता. म्हणून निघताना आम्ही दोनशे पानी वही केली. कोणत्या सहीशिवाय काय होत नाही. कोणती बैठक कधी असते. कोण 'हो' म्हणून विसरतं, कोण 'नाही' म्हणून नंतर करून देतं. रेक्टरबाईंशी सोमवारी बोलू नका, हेही लिहिलं होतं. प्रत्येक अर्जाची पोच डिंकाने चिकटवलेली. वही पहिल्या वर्षाच्या दोघींच्या हवाली केली, एकीवर भरवसा नको म्हणून दोघी.

मागच्या वर्षी, नऊ वर्षांनी, एका कार्यक्रमाला गेले होते. जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या मुलीला सहज विचारलं, दार किती वाजता बंद होतं गं? म्हणाली, साडेदहा. वहीचं विचारलं तर तिने जरा संशयाने बघितलं, मग खोलीवर नेलं. तिसरी वही चालू होती. आमची पहिली, कव्हर गेलेली, सुतळीने तिच्याच खाली बांधलेली. शेवटच्या पानावर, माझ्या ओळखीचं नसलेलं बारीक अक्षर : 'जिन्यातला दिवा परत गेला. अर्ज दिला. पोच मागे. सोमवार आहे, उद्या बोलणार.'