शब्दचर्चा : अवधाण

प्रश्न : आमच्या गावाकडे पायाला ठेच लागून जांघेत गाठ आली की 'अवधाण आलं' म्हणतात. शहरात हा शब्द सांगितला तर लोक नुसतं बघत राहतात. अवधाण, गंडमाळा, गालगुंड हे सगळं एकच का? आणि जखम अंगठ्याला, तर गाठ जांघेत कशी?

प्रतिसाद : एकच नाही. अवधाण म्हणजे दुसरीकडच्या जखमेमुळे आलेली गाठ. पायाच्या जखमेचं जांघेत येतं, हाताच्या जखमेचं काखेत. अंगभर लसीकावाहिन्यांचं, म्हणजे लसीका (लिंफ) हा पाणीदार द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. जखमेतून शिरलेले जंतू त्या वाटेने वर निघतात आणि जांघेतल्या ग्रंथीत (लिंफ नोडमध्ये) अडवले जातात. तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी ज्यांना तो जंतू ओळखता येतो त्या भराभर वाढतात, म्हणून ग्रंथी सुजते, ठणकते. कुरूप पिकलं, नखुरडं झालं, तरी हेच. घरोघरी गाठ शेकत बसतात आणि नखाखालचा पू तसाच राहतो. आधी जखम धुवा, ती बरी झाली की अवधाण आपोआप बसतं.

गालगुंडात सुजते ती कानाखालची लाळग्रंथी. तो विषाणूचा आजार, थुंकीतून, खोकल्यातून पसरतो. गंडमाळा म्हणजे मानेत ओळीने येणाऱ्या गाठी, बहुतेक वेळा क्षयाच्या. त्या फारशा दुखत नाहीत, म्हणूनच अंगावर काढल्या जातात.

दुसरा प्रतिसाद : प्लेगची गाठही याच वाटेने येते. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ जांघेत. फरक एवढाच की प्लेगचे जंतू पांढऱ्या पेशींना दाद देत नाहीत, ग्रंथीतच वाढतात आणि तिथून रक्तात उतरतात. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ही साथ ओळखली. पुढे रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपून पाहत. तेव्हाच्या मराठीत प्लेगला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत. त्या गाठीला अवधाण म्हणू नये असं मला वाटतं, कारण अवधाणात सहसा शरीराची सरशी होते.

मूळ प्रश्नकर्ता : आभार. म्हणजे 'काखेत अवधाण आलंय' म्हटलं की हाताला काय झालंय हे बघायचं, एवढं त्या शब्दातच आलं. 'लिंफ नोड सुजलाय' यातून ते कळत नाही.

पहिला प्रतिसादक : अगदी. आणि हातापायाला काहीच झालेलं नसताना गाठ आली, किंवा दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर ते अवधाण म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.